शोषखड्ड्यासाठी जमीन तपासताना: चाचणी खड्डा की झिरपचाचणी?

घराच्या पायासाठी जमीन सगळेच बघून घेतात. सेप्टिक टाकीचं पाणी जिथे मुरवायचं ती जमीन मात्र क्वचितच कुणी बघतं. गवंडी मोकळा कोपरा दाखवतो आणि तिथेच शोषखड्डा होतो. टाकीत मैला खाली बसतो आणि थोडाफार कुजतो, पण बाहेर पडणारं पाणी शुद्ध झालेलं नसतं. त्यातले जंतू अडवायचं काम पुढची माती करते. म्हणून दोन गोष्टी कळायला हव्यात: पाणी किती वेगानं मुरतं, आणि मुरून कुठे जातं. झिरपचाचणी पहिल्याचं उत्तर देते, चाचणी खड्डा दुसऱ्याचं.

झिरपचाचणीची रीत आयएस २४७० या भारतीय मानकात दिली आहे. शोषखड्डा किंवा चर जितका खोल जाणार, तितक्या खोलीवर १०० ते ३०० मिलिमीटर रुंदीचं भोक घ्यायचं. त्याच्या बाजू खरवडायच्या, तळाशी ५० मिलिमीटर बारीक खडी टाकायची आणि वर किमान ३०० मिलिमीटर पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यायची. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी खडीच्या वर १५० मिलिमीटर ठेवून ती दर ३० मिनिटांनी किती उतरते ते मोजायचं. २५ मिलिमीटर उतरायला लागलेली मिनिटं हा त्या जमिनीचा दर. ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये मुरवण्याचा चर करावा लागतो, आणि ६० च्या पुढे जमिनीत मुरवायचा विचार सोडून गाळणीसारखी वेगळी व्यवस्था करावी लागते.

या दरावरून खड्ड्याचा आकारही निघतो. २०४ ला दराच्या वर्गमुळाने भागलं की एक चौरस मीटर जमीन दिवसाला किती लिटर घेईल ते मिळतं. दर २५ मिनिटं असेल तर सुमारे ४१ लिटर. घरातून रोज ४०० लिटर येत असतील तर भिंतींचं क्षेत्र जवळजवळ १० चौरस मीटर हवं, म्हणजे दीड मीटर व्यासाचा, दोन मीटरहून थोडा जास्त खोल खड्डा. अंदाजपंचे खोदण्यापेक्षा हा हिशेब कितीतरी बरा.

पण रात्रभर भिजवणं टाळलं तर हाच आकडा फसवतो, आणि देशावरच्या काळ्या मातीत सगळ्यात जास्त. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. त्यात ओतलेलं पाणी बघता बघता नाहीसं होतं आणि जमीन उत्तम वाटते. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तुंबतो. इथे भिजवल्याशिवाय घेतलेली चाचणी मी मानणार नाही.

चाचणी खड्ड्याला जेसीबीचं तासाभराचं काम. दोन-अडीच मीटर खोल जायचं आणि भिंतीवरचे थर बघायचे: काळी माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, कातळ किती खाली आहे. मुरूम मीटरभरावर लागला तर झिरपचाचणी मुरमाच्या खोलीवर घ्यायची, वरच्या काळ्या मातीत नाही. नुसत्या भोकातून हे कळलं नसतं.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न उलटा आहे. जांभ्यात पाणी झपाट्यानं मुरतं आणि झिरपचाचणीत जमीन सहज पास होते. पण जांभ्याच्या पोकळ्यांतून धावणारं पाणी गाळलं जात नाही आणि वाडीतल्या विहिरीपर्यंत पोचू शकतं. पावसाळ्यात तिथे भूजलही वर येतं. इतर ठिकाणी मातीतल्या राखाडी-तांबूस डागांवरून ही पातळी ओळखता येते, पण जांभ्याखालचे थर मुळातच ठिपकेदार असतात, त्यामुळे ते डाग पुरावा ठरत नाहीत. त्यापेक्षा शेजारच्या विहिरीत ऑगस्टमध्ये डोकावून बघा. पाणी जमिनीपासून १.८ मीटरच्या आत असेल तर साधा शोषखड्डा नको. दर कितीही चांगला असो, विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर हवंच.

प्रयोगशाळेत मातीचा नमुना देणं पायासाठी उपयोगाचं आहे. इथे त्याचा आधार कमी, कारण पिशवीत भरताना भेगा आणि पोकळ्या मोडतात, आणि पाणी तर त्यांतूनच जातं.

दोन्ही करणं जमत असेल तर आधी खड्डा, मग त्यात दिसलेल्या खोलीवर झिरपचाचणी. एकच परवडत असेल तर काळ्या मातीत मी भिजवून घेतलेली झिरपचाचणी निवडेन, जांभ्यात चाचणी खड्डा आणि विहिरीची पातळी. प्लॉट अजून घ्यायचा असेल तर इसार देण्याआधी मालकाकडून खोदायची परवानगी मागा. चाचणी खड्डा नियोजित जागेपासून चार-पाच मीटर बाजूला घ्या, म्हणजे जिथे पाणी मुरवायचं ती माती ढिली होणार नाही, आणि बघून झालं की त्याच संध्याकाळी बुजवून टाका. वाडीत मुलं आणि गुरं फिरत असतात.