स्पॅनिश किंडरगार्टन: ९०/१० घ्यावं की ५०/५०?

कॅलिफोर्नियात स्पॅनिशची द्वैभाषिक किंडरगार्टन शोधायला लागलं की दोन आकडे सारखे समोर येतात: ९०/१० आणि ५०/५०. पहिल्या प्रकारात किंडरगार्टनचा नव्वद टक्के वेळ स्पॅनिशमध्ये जातो, मग दरवर्षी इंग्रजी साधारण दहा टक्क्यांनी वाढत चौथी-पाचवीला दोन्ही भाषा समसमान होतात. दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून निम्मं-निम्मं. १९९८च्या प्रॉपोझिशन २२७मुळे (प्रॉपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) अशा वर्गांवर बंधनं आली होती, ती २०१६च्या प्रॉपोझिशन ५८ने उठवली. आम्ही ९०/१० निवडलं. घरी मराठी, बाहेर इंग्रजी आणि शाळेत स्पॅनिश अशी ज्यांची स्थिती आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो.

५०/५०ची बाजू लंगडी मुळीच नाही. मूल दोन्ही भाषांत एकाच वर्षी वाचायला लागतं, त्यामुळे आईवडिलांच्या जिवाला घोर कमी. ९०/१०मध्ये इंग्रजी वाचन रीतसर सुरू व्हायला दुसरी, कधी तिसरी उजाडते आणि राज्याची इंग्रजीची परीक्षा तिसरीपासूनच असते. त्या वर्षीचे गुण खाली दिसू शकतात. प्राथमिक शाळा संपेपर्यंत ही तफावत बहुधा भरून निघते, पण मधली दोन वर्षं धीर धरावा लागतो. नोकरीमुळे पहिली-दुसरीत राज्य बदलावं लागण्याची शक्यता असेल, तर ५०/५०च बरं. नाहीतर मूल नव्या गावच्या इंग्रजी वर्गात फक्त स्पॅनिश वाचता येणारं म्हणून जाऊन बसतं.

माझं मत फिरलं ते वेळापत्रकामुळे. ५०/५०चे बरेच वर्ग दिवसाचे दोन तुकडे करतात: सकाळी एक भाषा, जेवणानंतर दुसरी. तुमच्या मुलाच्या तुकडीला स्पॅनिश दुपारी आली, तर ती डबा खाऊन, मैदानावर धावून पेंगुळलेल्या पाच वर्षांच्या पोराच्या वाट्याला येते. त्यात आठवड्यातून एक दिवस शाळा लवकर सुटते, तो मिनिमम डे. त्या दिवशी कात्री लागते दुपारलाच. मग वाढदिवसाचे कपकेक, पालकसभांच्या आठवड्यातले अर्धे दिवस, हेही दुपारच्याच खात्यात. कागदावरचे पन्नास टक्के प्रत्यक्षात पन्नास राहत नाहीत. इंग्रजीची तूट टीव्ही, शेजार, मैदान यांतून आपोआप भरते. स्पॅनिशची भरायला मराठी घरात कोणी नसतं. शिवाय मुलं हुशार असतात: थोडं थांबलं की इंग्रजीच्या बाई येणार हे कळलं, की स्पॅनिशमध्ये मागायचं तेवढ्यापुरतं टाळतात.

सगळ्या ५०/५० शाळा अशा नसतात. काही ठिकाणी भाषा दिवसाआड किंवा आठवड्याआड बदलते, तिथे हा तोटा बराच कमी होतो. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा टक्के विचारत बसू नका. किंडरगार्टनचं आठवड्याचं वेळापत्रक मागा, स्पॅनिशची मिनिटं मोजा आणि विचारा: मिनिमम डेला कुठला तास गळतो? दोन्ही तुकड्या मध्येच अदलाबदल करतात का?

दुसरा मुद्दा अक्षरांचा. इंग्रजीत ज्या अक्षराचं नाव ‘ई’, तेच स्पॅनिशमध्ये ‘ए’. आणि इंग्रजीतल्या ‘आय’ला स्पॅनिशमध्ये ‘ई’ म्हणतात. एकाच आठवड्यात दोन्ही शिकताना ही जोडी हमखास घोटाळा करते. तो कायमचा नसतो, पण काही महिने पुरतो. ९०/१०मध्ये आधी फक्त स्पॅनिश: पाच स्वर, प्रत्येकाचा उच्चार जवळपास ठरलेला, आणि मग मा-मे-मी-मो-मू, अगदी बाराखडीच्या चालीवर. मराठी कानाला हे सोपं जातं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना प, त, क म्हणताना हवा सोडायची सवय मोडावी लागते, आपल्या मुलांना नाही.

परत फिरण्याचाही विचार करा. ९०/१०मधून इंग्रजी वर्गात किंवा ५०/५०मध्ये जाता येतं, थोडी मेहनत घ्यावी लागते इतकंच. उलट दिशा फार अवघड, कारण पहिलीनंतर नवीन मुलाला सहसा स्पॅनिशची चाचणी देऊनच घेतात.

९०/१०चा खरा धोका घरात असतो. इंग्रजी मागे पडेल या भीतीने आईबाबा घरी इंग्रजी सुरू करतात आणि सगळ्यात आधी मराठी जाते. ते करू नका. गोष्ट मराठीत सांगा, प्रश्न मराठीत विचारा. रात्री एखादं इंग्रजी पुस्तक वाचलं तरी पुरे.

प्रवेशाचं थोडक्यात. १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. अर्जात घरच्या भाषेचे चार प्रश्न असतात. पहिल्या तिनांपैकी एकातही मराठी लिहिलंत, तर प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत मुलाची ‘एल्पॅक’ ही इंग्रजीची चाचणी होते. खरं तेच लिहा. चाचणी झाल्यावर उत्तर बदललं तरी तिने ठरलेला शेरा (मूल ‘इंग्लिश लर्नर’ आहे की नाही) बदलत नाही. टू-वे शाळांत, म्हणजे जिथे स्पॅनिशभाषक आणि इतर मुलं एकत्र शिकतात तिथे, काही जागा स्पॅनिशभाषक मुलांसाठी राखलेल्या असतात, आपली लॉटरी उरलेल्यांत, त्यामुळे वेटलिस्टवर नाव ठेवाच. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत न आलेल्या मुलांच्या जागा मोकळ्या होतात.

तयारीसाठी स्पॅनिशचे क्लास लावायची गरज नाही. ‘पुएदो इर आल बान्यो?’ (शूला जाऊ का?), ‘आग्वा, पोर फावोर’, ‘मे दुएले’ (दुखतंय) आणि ‘आयुदामे’ (मदत करा) एवढी वाक्यं तोंडात बसवा. डबा आणि जॅकेटची चेन स्वतः उघडता येऊ द्या. त्यानंतर मूल काही महिने स्पॅनिश फक्त ऐकेल, बोलणार नाही. ‘आज काय शिकलास, म्हणून दाखव’ असा तगादा लावू नका.

भारतातून लसीकरणाचं कार्ड घेऊन येणाऱ्यांनी एक गोष्ट आत्ताच तपासावी. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे धरत नाहीत. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन्ही डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतरचे लागतात. कांजिण्यांचेही दोन लागतात, आणि आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नाही. दोन डोसांत अंतर ठेवावं लागतं, म्हणून ऑगस्टची वाट न बघता मे-जूनमध्येच डॉक्टरांची वेळ घ्या.