तंबाखू सोडण्यासाठीचे निकोटीन च्युइंगगम (२ मिग्रॅ.) : मित्रासाठी घेतलेल्या तीन पट्ट्यांचा अनुभव

माझ्या मित्राला वीस वर्षांपासून चुना लावून मळलेल्या तंबाखूची सवय आहे. रोज संध्याकाळी कामावरून परतताना तो सांगतो की तोंडात आग होते, ठेचा तर सोडाच, साधी आमटीही सोसत नाही. आणि हे सांगून संपण्याआधीच तळहातावर त्याचा अंगठा फिरू लागलेला असतो. दोन वर्षे मी समजावले, रागावलो, एकदा तर पंधरा दिवस अबोला धरला. शेवटी औषधाच्या दुकानातून पुदिन्याच्या चवीच्या, साखरविरहित निकोटीन च्युइंगगमच्या दहा-दहा गोळ्यांच्या तीन पट्ट्या आणून त्याच्या हाती दिल्या. २ मिलिग्रॅमच्या गोळ्या मला चिठ्ठीशिवाय मिळाल्या. ४ मिलिग्रॅमच्या गोळ्यांसाठी मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

ही गोळी नेहमीच्या च्युइंगगमसारखी चघळायची नसते, आणि आमची पहिली चूक तिथेच झाली. हळूहळू चावून तिखटसर चव आली, तोंडात चुणचुण जाणवली, की ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. चव ओसरली की पुन्हा थोडी चावायची, असे साधारण अर्धा तास चालते. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जावे, पोटात जाऊ नये, यासाठी ही पद्धत आहे. गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना काही खायचे-प्यायचे नसते, कारण चहा-कॉफी आणि आंबट पेयांमुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. मित्राने टपरीवर चहा घेता घेता गोळी कचाकचा चावली, लाळ गिळली, आणि उचक्या व छातीत जळजळ सुरू होताच या गोळ्या निकामी असल्याचे जाहीर केले. वीस वर्षे तंबाखूचा बार गालात धरणाऱ्या माणसाला गोळी गालात धरणे अवघड नव्हते. मी माहितीपत्रक त्याच्यासोबत बसून वाचायला हवे होते.

दुसरी पट्टी त्याने नीट वापरली. त्या चार दिवसांत तलफ कमी झाल्याचे त्याने स्वतः सांगितले आणि मला मनापासून आनंद झाला. पाचव्या दिवशी पुडी परत आली. गोळीने तलफ शमते, पण हात मोकळे राहतात, जेवणानंतरची वेळ रिकामी राहते. शिवाय हे च्युइंगगम सुमारे तीन महिने, संख्या कमी करत करत वापरायचे असते आणि पुडीपेक्षा महाग पडते. ते सोडण्याचा निर्णय झालेल्या माणसाच्या उपयोगाचे आहे. तो निर्णय त्याच्या वतीने मी विकत आणू शकत नव्हतो.

हे उमगल्यावर माझे वागणे मी बदलले. आज किती वेळा खाल्लीस, हे विचारणे थांबवले. मी त्याला स्पष्ट सांगितले, “तोंडाच्या आगीबद्दल मी रोज ऐकणार नाही, मला ते सहन होत नाही, पण दाताच्या डॉक्टरांकडे जायचे म्हणशील त्या दिवशी रजा टाकून सोबत येईन.” पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत समुपदेशनाचा क्रमांकही मी त्याच्या फोनमध्ये साठवून दिला. तो आठवडाभर नाराज होता. आता संध्याकाळी आमच्या गप्पा पुन्हा पाऊसपाणी आणि मुलांच्या परीक्षांवर येतात, आणि मला त्याच्यासोबत चालणे पूर्वीसारखे आवडू लागले आहे.

या गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी एकच पट्टी घ्यावी, आणि ती शक्यतो वापरणाऱ्यानेच स्वतःच्या पैशांनी घ्यावी. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल, तोंड कमी उघडत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर या गोळ्या हा त्यावरचा उपचार नव्हे. तपासणी आधी करावी. माझ्या मित्राची तपासणी अजून झालेली नाही. तिसरी पट्टी त्याच्याकडेच आहे आणि परवा त्याने डॉक्टर शनिवारी असतात का, एवढे विचारले.