कॅलरी मोजायचं अ‍ॅप, 96 दिवस वापरून. 5 पैकी 2 स्टार

नाव मुद्दाम लिहीत नाही, या जातीची सगळी अ‍ॅप्स उन्नीस-बीसच असतात. मी आणि नवरा, दोघांत मिळून वर्षाचं सबस्क्रिप्शन. खाल्लेलं अ‍ॅपमध्ये टाका, टार्गेटच्या आत राहिलात की हिरवं वर्तुळ, सलग दिवस झाले की ज्योत पेटते, वर कॉन्फेटी.

नवऱ्याला खरंच उपयोग झाला. ऑफिसात चार वाजले की हात आपोआप वडापावकडे जायचा, आता टाकायला फोन काढेपर्यंत विचार करतो, तीन महिन्यांत 4 किलो गेले. त्याला विचाराल तर 4 स्टार देईल.

माझं पार उलटं झालं. हॉस्टेलला असताना मला रात्री लपूनछपून पोट दुखेस्तोवर खायचा त्रास होता, याला बिंज इटिंग म्हणतात नि 2013 पासून डीएसएममध्ये (मानसिक आजारांची अमेरिकन यादी) तो वेगळा आजार म्हणून आहे हे फार उशिरा कळलं. अ‍ॅपने वय उंची वजन सगळं विचारलं, फक्त असा त्रास कधी होता का ते नाही विचारलं, आणि थेट 1200 कॅलरींचं टार्गेट हातात दिलं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 तरुणांना अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता ना, त्यांनासुद्धा दिवसाला साधारण 1600 कॅलरी मिळायच्या (ते पुरुष होते, भरपूर चालायचे, मान्य), तरी डोक्यात जेवणाशिवाय काही उरलं नव्हतं, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे बिचारे.

दोन आठवड्यांत मी रात्रीचं जेवण टाळायला लागले, भूक नव्हती म्हणून नाही, वर्तुळ हिरवं राहावं म्हणून. मेंदूचा अभ्यास करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेलं काम आठवलं, आधी फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाची ओढ लावणारं रसायन) पेशी जाग्या व्हायच्या, सवय झाल्यावर नुसती खूण दिसली तरी, आणि खूण दिसून रस आला नाही की त्या गप्प. माझी खूण म्हणजे रात्री साडेआठचं नोटिफिकेशन. एकदा 40 कॅलरी जास्त झाल्या, वर्तुळ लाल, 31 दिवसांची ज्योत विझली, मग "गेलंच आहे तर जाऊ दे" म्हणत भाकरवडीचं अख्खं पाकीट ओट्याशी उभ्या उभ्या संपवलं.

अजून एक, जे कोणी रिव्ह्यूत लिहीत नाही. पाकिटावरचा बारकोड दोन सेकंदांत स्कॅन होतो, पण आमटी टाकायची तर डाळ किती, तेल किती, वाटी केवढी, दहा मिनिटं जातात. म्हणून मी हळूहळू पाकिटंच खायला लागले!! आहारावर संशोधन करणारे केव्हिन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात 20 जणांना दोन-दोन आठवडे साधं आणि अल्ट्रा-प्रोसेस्ड (कारखान्यात बनलेलं, पाकिटातलं) अशा दोन्ही तऱ्हेचं जेवण हवं तेवढं खायला दिलं, तर अल्ट्रा-प्रोसेस्ड खाताना ते रोज जवळजवळ 500 कॅलरी जास्त खात होते. म्हणजे वजन कमी करायचं अ‍ॅप मला नेमकं त्याच खाण्याकडे ढकलत होतं.

रिफंड नाही, सात दिवसांची मुदत संपलीय म्हणे. दोन स्टार नवऱ्याच्या 4 किलोंसाठी. त्याचं चालूच आहे, काल पुरणपोळी कशी टाकलीस विचारलं तर म्हणे "पॅनकेक, स्मॉल".