पहिला ट्रम्पेट कुणाचा ऐकावा: मॉर्गनचा की ब्राउनचा?

हार्ड बॉप या जाझच्या शैलीतला ट्रम्पेटवाल्याचा एकच अल्बम घ्यायचा तर कुठला, असं कुणी विचारलं की बहुतेक जण डोळे मिटून ली मॉर्गनचा 'द साइडवाइंडर' सांगतात. मी क्लिफर्ड ब्राउनचा 'स्टडी इन ब्राउन' सांगतो. त्यात ड्रमर मॅक्स रोच बरोबरीचा म्होरक्या आहे, पण कान जातो तो ट्रम्पेटकडेच.

फरक कळायला दोन्हीकडचा एकेक ब्लूज, म्हणजे ठरावीक स्वरमेळांचं आवर्तन पुन्हा पुन्हा घेणारी रचना, पुरे. ब्राउनचा 'सँडू' आणि मॉर्गनचा 'साइडवाइंडर', दोन्ही ई फ्लॅट पट्टीतले. 'सँडू'चं आवर्तन नेहमीचं, बारा बारचं (बार म्हणजे चार मात्रांचा गट). पाचेक मिनिटांत खेळ संपतो आणि तेवढ्यात ब्राउन एकही सूर वाया घालवत नाही. लय कितीही चढो, त्याचा प्रत्येक सूर सुटा, गोल आणि दाणेदार. पट्टीच्या गवयाची तान ऐकावी तसा. मॉर्गनने तेच आवर्तन ताणून चोवीस बारचं केलं आणि खाली ड्रमर बिली हिगिन्सचा असा ठेका ठेवला, की दहा मिनिटं कशी गेली कळत नाही. मॉर्गन सूर सरळ लावतोच कुठे? ट्रम्पेटची कळ अर्धीच दाबून मुरडतो, मध्येच थांबतो, डोळा मारल्यासारखा पुन्हा येतो.

मग 'साइडवाइंडर'वर माझा आक्षेप काय? पहिलीच, शीर्षकाची रचना इतकी पकड घेते, की उरलेल्या चार झाकोळतात. 'टोटेम पोल' किंवा 'होकस-पोकस' कमी प्रतीच्या नाहीत, पण तिथवर पोचतो कोण! डिसेंबर १९६३ मध्ये मुद्रित झालेला हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत २५व्या क्रमांकापर्यंत गेला. जाझसाठी ही मोठीच उडी. पुढे ब्लू नोट या मॉर्गनच्या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी अल्बमांची सुरुवात असल्याच ठेक्याने होऊ लागली, हे त्याचं यश म्हणा की पाप.

'स्टडी इन ब्राउन' फेब्रुवारी १९५५चा, मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेल्या एकेरी आवाजाचा. आवाजाच्या बाबतीत तो मागे पडतो, हे मान्यच. मॉर्गनकडे रूडी व्हॅन गेल्डर या नामांकित ध्वनिमुद्रकाचं काम आहे, शिवाय जो हेंडरसनचा टेनर सॅक्सोफोन. हेडफोनला पैसे घातले असतील तर तिकडे मजा जास्त. ब्राउनकडे मात्र नऊ आटोपशीर रचना आहेत. 'चेरोकी' भन्नाट वेगात. 'टेक द ए ट्रेन'च्या सुरुवातीला वाद्यांतून चक्क आगगाडी निघते. 'जॉर्जेस डिलेमा'त क्यूबन वळणाचा ठेका. एक नाही आवडली, तर दुसरी आवडेल.

खरं तर हे दोघे परके नव्हेतच. फिलाडेल्फियात पोरसवदा मॉर्गन ब्राउनकडे थोडंफार शिकला होता. जून १९५६ मध्ये मोटार अपघातात ब्राउन गेला, वयाच्या पंचविशीत. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांच्या मॉर्गनने बेनी गोल्सनने ब्राउनच्या आठवणीत रचलेली 'आय रिमेंबर क्लिफर्ड' वाजवली. मॉर्गनही तेहतिशीतच गेला, १९७२ मध्ये.

तरी ठरत नसेल, तर आधी 'सँडू' लावा आणि लगेच 'साइडवाइंडर'. पाय ठेका धरू लागला आणि 'सँडू'तलं काहीच आठवेना, तर खुशाल मॉर्गन घ्या. पण पाय हलत असतानाही मागचा ट्रम्पेट डोक्यात वाजत राहिला, तर ब्राउन.