अंदाजित ग्रेड कमी आले: यंदाच अर्ज की वर्षभर थांबायचं?

गंगापूर रोडला राहणारी माझी भाची ए लेव्हल (ब्रिटिश पद्धतीची बारावी) करतेय. शाळेने अंदाजित ग्रेड, म्हणजे अंतिम परीक्षेत काय मिळेल याचा शिक्षकांचा अंदाज, कमी दिले आणि ब्रिटनच्या अर्जावरून तिची झोप उडाली.

यंदाच अर्ज केला तर यूकासवर, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठांच्या सामाईक अर्ज-व्यवस्थेत, 5 पर्याय. त्यातले दोन-तीन आवाक्यातले हवेतच. ऑगस्टचा निकाल सरस लागला तर क्लिअरिंग (उरलेल्या जागांवरचा प्रवेश) आहे, पण तेव्हा व्हिसा आणि राहायची सोय यांत जीव मेटाकुटीला येतो.

थांबलं तर अर्ज खऱ्या ग्रेडवर होतो, पेपर पुन्हा देता येतो. परीक्षा फी वाढते. घरातलं रिकामं वर्ष मात्र फार जड जातं, मी जवळून पाहिलंय.

आवाक्यातला एखादा कोर्स मनापासून आवडत असेल तर यंदाच. मेडिसिनचाच ध्यास असेल, तर थांबावं.