आवाज झकास, मागच्या क्लिपा भिकार : आठ महिन्यांचा वापर

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरचा (रेडिओ आणि स्पीकर वाजवणारा अँप्लिफायर एकाच डब्यात) डावा चॅनेल गेला तो आतल्या एसटीके आयसीमुळे, म्हणजे अँप्लिफायरच्या चिपमुळे. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून खपवली जाणारी ही आयसी बहुतेकदा नकली निघते, वरचा छापा तेवढा खरा. सर्व्हिसवाल्याने अख्खा बोर्ड बदलायचा जो आकडा सांगितला, त्यात नवा रिसीव्हर अर्ध्यावर येत होता. स्पीकर मात्र ठणठणीत : 6 ओहम (विजेला होणारा अडथळा), 87 डीबी (आवाजाची पातळी). तेव्हा त्यांच्या जोडीला शोभेल असा दोन चॅनेलचा डबा घेतला. ब्लूटूथ, एफएम, ए-बी अशा स्पीकरच्या दोन जोड्यांची सोय, नेहमीचंच सगळं.

वॅटवरून डोकं शिणवू नका. 87 डीबीचा स्पीकर 1 वॅटला एक मीटरवर 87 डीबी देतो, 10 वॅटला 97. इंदूरच्या रामबागेतल्या बारा बाय चौदाच्या खोलीत एवढ्यावरच शेजारचे काका दार वाजवतील. वॅट दुप्पट केले तर वाढतात जेमतेम 3 डीबी. 50 च्या जागी 100 साठी कशाला पैसे ओतायचे? बघायचे ते ओहम. मागच्या पट्टीवर ‘8 ओहम मिनिमम’ असेल आणि 6 चे स्पीकर लावून आवाज चढवला, तर डबा तापून प्रोटेक्शनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे जळू नये म्हणून आपणच बंद पडतो. या मॉडेलला ए किंवा बी एकेकटं 4 ओहमपासून चालतं, पण दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या तर प्रत्येक स्पीकर 8 चा हवा, कारण दोन 6 समांतर जोडले की हाती 3 च उरतात. स्पीकरवरचा स्टिकर पुसला असेल तर मल्टिमीटर लावा : 8 वाला साधारण 6 ते 7 दाखवतो, 4 वाला 3 ते साडेतीन. मीटर नुसता डीसी रेझिस्टन्स मोजतो, म्हणून आकडा कमीच येतो.

आता क्लिपा. एवढ्या किमतीच्या डब्याला स्पीकरसाठी स्प्रिंगच्या क्लिपा? बनाना प्लग जात नाही. अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर भोकात घुसत नाही, मग लोक चार तारा कापून उरलेल्या कोंबतात. त्यातली एखादी केसासारखी तार बाहेर राहते, शेजारच्या टर्मिनलला टेकते आणि आवाज चढवताच आत ‘टक्’ होऊन डबा बंद. हा डब्याचा बिघाड नव्हे, शॉर्ट आहे. बोर्ड बदलायला निघण्याआधी टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात उघडं तांबं काळवंडतं, मग एक बाजू कधी वाजते, कधी नाही, ते वेगळंच.

यावर उपाय पिनवाल्या लगचा, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या पिनेचा. महाराणी रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटे मिळतात, चार स्पीकरना आठ लागतात, दोनला चार. रिसीव्हर बंद करून प्लग काढा. वायर 10 मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा, लगमध्ये घालून क्रिम्पिंग टूलने दाबा. पकडीने दाबलेला लग चपटा होतो आणि महिन्यात ढिला पडतो. क्लिपमध्ये घातल्यावर एकदा ओढून बघायचं.

अडीचची वायर जात नाही म्हणून पहिल्या महिन्यात फार बोटं मोडली, पण हिशेब केला तर तो राग अर्धाच खरा. दीड एमएम तांब्याला मीटरमागे सुमारे 0.012 ओहम, पाच मीटर लांब स्पीकरला जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे 0.12 ओहम. 6 ओहमच्या पुढे हे दोन टक्के. पाच मीटरपर्यंत दीडच घ्या, पैसे वाचवा.

बास नाही म्हणून रेटिंगमधला कापलेला ताराही (स्टार) परत देतो. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी होती. दोन्ही पडदे विरुद्ध दिशेला हलले की बास एकमेकांत जिरतो. वायरवर खूण नसेल तर ती रिसीव्हरमधून काढा आणि दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. वूफर बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस.

हे सुधारल्यावर अमीर खाँसाहेबांचा विलंबित लावला तर मागचा तानपुरा स्वच्छ, हमचं (मागच्या घूं आवाजाचं) नाव नाही. एफएम सोबतच्या तारेवरच ठीक येतं. रेडिओ मिर्ची 2001 मध्ये याच शहरातून सुरू झाला, तेव्हा इंदूरच्या डब्यात ट्यूनर हवाच. डबा तापतो, म्हणून मे महिन्यात शोकेसची काच बंद ठेवू नका, वर चार इंच जागा सोडा.

आवाजाला पाचपैकी पाच. क्लिपांचा एक तारा कापला तो कापला. आणि दिवाळीच्या साफसफाईत डबा सरकवला की चारही लग पुन्हा ओढून बघा, माझा उजवा मायनस तेव्हाच निसटला होता.