सेकंडहँड होंडा सिटी घ्यायची, पण कोणती? (नागपूरच्या उन्हात बसून केलेला हिशोब)

भाचा महिनाभरापासून डोकं खाऊन राहिला, मामा सिटी घेऊ का, सेकंडहँड, कोणती पाहू. घरात आजी धरून पाच माणसं, रोजचं मानकापूर ते हिंगणा, महिन्यातून एखादी वर्ध्याची चक्कर. त्याला एकट्याला सांगण्यापेक्षा म्हटलं लिहूनच टाकावं, कारण हा प्रश्न मला दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच.

पहिली गोष्ट म्हणजे सिटी ही एक गाडी नाही. भारतात होंडाने या नावाखाली 1998, 2003, 2008, 2014 आणि 2020 अशा पाच वेगवेगळ्या गाड्या आणल्या. (जपानात तर 1981 ची सिटी म्हणजे बुटकी हॅचबॅक होती, तिच्या डिकीत मावेल अशी घडीची छोटी स्कूटर पण होंडाने काढली होती. असो, मी भारतातल्याच पिढ्या मोजतोय.)

1998 वाली आता शौकिनांसाठी. तिचं व्हीटेक (वेगात जास्त जोर देणारं) इंजिन ज्यांनी पळवलंय ते अजून हळहळतात, पण घरच्या गाडीच्या यादीत तिला धरू नका.

2003 ची, जिला सगळे डॉल्फिन म्हणतात, ती गंमतच होती. आधीच्या सिटीचं नाव पळण्यासाठी, आणि हिच्यात 1.5 लिटरचं आय-डीएसआय इंजिन, पॉवर फक्त 77 बीएचपी, चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग! लोक हसले. पण मायलेज असं की मग तेच लोक घेऊन आले. आमच्या काकांकडे 2005 ची आहे, अजून धरमपेठेत भाजी आणायला जाते. तरी भाच्याला नाही म्हटलं, कारण पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करा, फिटनेस करा, वर ग्रीन टॅक्स भरा, आणि पुढे मिळतात ती पाचच वर्षं. त्यात पेट्रोल आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. होंडाचं म्हणणं आहे की 2009 पासून बनलेल्या गाड्यांना ई20 चालतं, म्हणजे डॉल्फिन त्या रेषेच्या अलीकडेच राहिली.

खरी लढत तिसरी (2008 वाली) विरुद्ध चौथी (2014 वाली). माझ्याकडे तिसरी आहे, 2011 ची, त्यामुळे मी थोडा तिच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगतो. 1.5 आय-व्हीटेक, 118 पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप), आणि सुई वर गेली की जो आवाज येतो ना, समृद्धीवर ओव्हरटेक करताना माणूस उगाच हसतो. चौथीत इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच, 119 पीएस, म्हणजे पळण्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. पैसे द्यायचे ते मागच्या सीटसाठी. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2550 चा 2600 मिमी झाला, गुडघ्याला जागा भरपूर, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मागे एसीचे व्हेंट आले. पुण्याच्या माणसाला ही बाब बारीक वाटेल, पण इथे मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, गाडी दुपारी उन्हात उभी असते, आणि व्हेंट नसलेल्या गाडीत मागच्या माणसापर्यंत गारवा पोचेपर्यंत बुटीबोरी येते. आजी मागे बसणार असेल तर माझ्यासाठी विषय इथेच संपला. चौथी.

त्यातही 2017 च्या फेसलिफ्टनंतरची (पिढी तीच, चेहरा बदललेला) पाहा, दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं) सगळ्या व्हेरियंटला. ग्लोबल एनकॅप (गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणारी संस्था) च्या टेस्टमध्ये चौथ्या पिढीला 5 पैकी 4 स्टार मिळाले होते. एकच खटकतं, एसीचं टच पॅनल. गाडी चालवताना बोट कुठे पडतंय ते पाहायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. पाचवीत होंडाने गोल बटणं परत आणली, म्हणजे समजा काय ते.

पाचवी चांगलीच आहे, 121 पीएस, सहा गिअर, स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की सावरणारं) सगळ्या व्हेरियंटला. पण लांबी 4549 मिमी झाली, चौथीपेक्षा शंभरवर मिमी जास्त, रुंदीही 1695 ची 1748. वर्धा रोडला काही नाही, महाल-इतवारीच्या गल्लीत मात्र समोरून ऑटो आला की आरसे मिटून घ्यायचे. तिच्या हायब्रिडचं (पेट्रोलच्या जोडीला बॅटरीवर चालणारी) मायलेज 2022 मध्ये आली तेव्हा कंपनी 26.5 सांगत होती, पण बॅटरीमुळे डिकी 506 लिटरवरून 306 वर आली, लग्नसराईत पाच माणसांच्या बॅगा कुठे कोंबाल? आणि एक सावधानी, पाचवी आल्यावरही चौथी 2023 पर्यंत विकत होते, त्यामुळे "2021 ची सिटी" ऐकून लगेच नवी पिढी समजू नका, फोटो मागवा.

डिझेल 2014 ते 2023 एवढंच होतं. मानकापूर-हिंगण्यासाठी नको, दर आठवड्याला मुंबईकडे जाणाऱ्याने पाहावं, आवाज सहन होत असेल तर. दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्त का मिळते तेही कळून घ्या, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा घोळ चालू असतो, आणि इथे एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच वितळते.

कोणतीही घेतली तरी चेसिस नंबर होंडाच्या साइटवर टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावलीय का) बघाच. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचं प्रकरण जुन्या सिट्यांनाही लागू होतं, बदलून फुकट देतात. आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी सातला घेऊ नका बाप्पा, दुपारी दोनला घ्या, चार माणसं बसवून, एसी फुल, फ्लायओव्हरवर चढवून.

तर माझं मत 2018-19 ची पेट्रोल मॅन्युअल, एमएच 31 किंवा 49, एकाच मालकाची. भाच्याला हे सगळं अर्धा तास सांगितलं. तो म्हणे मामा ते ठीक आहे, पण सनरूफवालीच पाहिजे. नागपुरात. मे महिन्यात.